उन्हाळ्याच्या शेवटी कोकणावर येणारे ढग: मळभ कोणते आणि पाऊस कोणता?

कातळसडा | 22 मे, सकाळी 11.10

देवगड तालुक्यात, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचे घर आहे. गेले नऊ दिवस येथे रोज एकच प्रकार चालला असून त्याचा उलगडा जाणकारांकडून व्हावा म्हणून हा धागा काढत आहे. पहाटे पाचच्या सुमारास वायव्येकडून करडे, ठेंगणे ढग येऊ लागतात. ते इतके खालून जातात की आगरातल्या माडांच्या शेंड्यांना लागतील असे वाटावे. सहा-साडेसहाला सगळे आभाळ झाकोळते, कधी चार थेंब पडतात, अंगणातली धूळही त्याने धड बसत नाही, आणि साडेनऊ-दहाला ढग फाटून लख्ख ऊन पडते. दुपारभर आकाश निळे न दिसता पांढुरके दिसते. संध्याकाळी पूर्वेला, फोंडाघाटाच्या माथ्यावर, मोठे पांढरे ढग डोकावतात आणि रात्री तिकडे विजा चमकताना दिसतात. आमच्याकडे मात्र पान हलत नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आमसुलांचे तिसरे पूट झाले आहे, म्हणजे कोकमाची साले तिसऱ्यांदा रसात भिजवून वाळत घातली आहेत. साले पहाटे आत घ्यायची आणि दहाला पुन्हा मांडवावर पसरायची, यात मी आणि सासूबाई दोघींचाही दिवस जातो. सासूबाई रोज सकाळी म्हणतात की आभाळ पाण्याने भरले आहे, उद्याचा दिवस काही सुका जायचा नाही. मोबाइलवरचे हवामानाचे ॲप नऊही दिवस ढग आणि त्याखाली तीन थेंब असे चित्र दाखवत आहे. दोघांचाही अंदाज नऊ वेळा चुकला, तरी एक ना एक दिवस तो बरोबर ठरणारच आहे, आणि नेमका तो दिवस ओळखायचा कसा, एवढेच मला हवे आहे.

हवेचा दाब | 22 मे, दुपारी 2.35

ताई, आपण निरीक्षण इतके नेटके लिहिले आहे की अर्धे उत्तर त्यातच आले आहे. मी भौतिकशास्त्र शिकवत असे. आता निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक आणि ओल्या-कोरड्या फुग्याचा तापमापक ठेवून बसलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा एक ढोबळ हिशेब आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) यांतील फरक सव्वाशेने गुणला की तळाची उंची मीटरमध्ये मिळते. मेच्या अखेरीस पहाटे आपल्याकडे तापमान 28 अंश सेल्सिअस आणि दवबिंदू 26 असला, तर फरक 2, म्हणजे ढग साधारण 250 मीटरवर. ते माडांना लागतील असे आपल्याला वाटते ते यामुळे. दहा वाजता जमीन तापून तापमान 32 झाले की फरक 6 होतो आणि तोच हिशेब 750 मीटर सांगतो. ढगाचा तळ वर सरकतो, वरची कोरडी हवा त्यात मिसळू लागते आणि ढग विरून जातो. तो कोठे निघून गेलेला नसतो, जागच्या जागी आटलेला असतो.

आता तो बरसत का नाही? या दिवसांत अरबी समुद्राच्या पृष्ठालगतची हवा दमट असते, परंतु तिच्यावर, साधारण एक ते दीड किलोमीटरपासून, अरबस्तान आणि वायव्य भारताकडून आलेल्या कोरड्या व उष्ण हवेचा थर पसरलेला असतो. एरवी वर जावे तसे तापमान उतरते, येथे मात्र त्या सीमेवर ते काही अंतर उलट चढते. खालून वर चढणारी दमट हवा तेथे पोहोचली की भोवतालच्या हवेपेक्षा थंड, म्हणजे जड ठरते आणि थांबते. वर जाता येत नाही म्हणून आडवी पसरते. आपला सकाळचा ढग घावनासारखा आहे, वड्यासारखा फुगलेला नाही. काहीशे मीटर जाडीच्या ढगात थेंबांना वाढायला वावच मिळत नाही. विजा करणारा वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर आणि कधी त्याहूनही उंच वाढतो. म्हणून ढग किती काळा आहे यापेक्षा तो किती उंच आहे हे पाहावे.

घामाघूम ठाणेकर | 22 मे, रात्री 9.50

कोकणातल्या मंडळींना निदान माडांची सावली तरी आहे. येथे अंदाजात कमाल तापमान 34 अंश लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात लोकलमधून उतरेपर्यंत शर्ट पिळून काढावा अशी अवस्था होते. मला आठवते त्याप्रमाणे मार्चमध्ये यापेक्षा जास्त तापमान नोंदले गेले होते, तरी त्रास मात्र आता अधिक होतो. ढग आल्यावर तर उकाडा वाढतोच. हा नुसता भास आहे काय?

हवेचा दाब | 23 मे, सकाळी 7.15

भास मुळीच नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंशांची नोंद झाली होती, तशी नोंद मे महिन्यात सहसा होत नाही. मार्चमध्ये पूर्वेकडून येणारा कोरडा वारा जोरात असला की खारे वारे दुपारपर्यंत किनाऱ्यावर शिरूच शकत नाहीत आणि पारा चढत राहतो. मेमध्ये ते सकाळीच सुरू होतात, त्यामुळे कमाल तापमान 33-35 च्या पुढे सहसा जात नाही. पण तेच वारे बाष्प घेऊन येतात आणि घाम वाळू देत नाहीत. शिवाय रात्री जमिनीतून बाहेर जाणारी उष्णता ढगांमुळे अडते, म्हणून किमान तापमान 28-29 च्या खाली उतरत नाही. किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानाप्रमाणे 40 अंशांचा न ठेवता 37 अंशांचा ठेवलेला आहे, तो याच कारणासाठी. तोही केवळ तापमानावर बेतलेला असल्यामुळे आपल्या लोकलमधल्या घामाची दखल त्यात येत नाही, हा माझा जुना आक्षेप आहे.

कातळसडा | 23 मे, सकाळी 10.20

घावनाची उपमा सासूबाईंना एकदम पटली, उंचीचा हिशेब मात्र पटला नाही. त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. त्यांनी मला काल स्वयंपाकघरात नेऊन दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे खड्या मिठाची चिनी मातीची बरणी. तिच्या तळाशी बोटभर पाणी साठले होते आणि वरचे खडे ओले होऊन एकमेकांना चिकटले होते. दुसरी म्हणजे माठ. मार्चमध्ये ज्याचे पाणी दातांना लागत असे, त्याच माठातले पाणी आता केवळ कोमट नाही एवढेच म्हणता येईल. त्याची बाहेरची बाजू ओली आहे, पण पाणी गार होत नाही. त्यांच्या मते मीठ पाझरू लागले आणि माठ हरला, की आठवड्याच्या आत पाऊस. यात तथ्य आहे काय?

हवेचा दाब | 23 मे, दुपारी 12.40

दोन्ही खुणा खऱ्या आहेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. आपल्याकडचे खडे मीठ तर त्यातल्या इतर क्षारांमुळे त्याआधीच ओलावते. माठाचे पाणी बाष्पीभवनाने गार होते आणि हवा आधीच दमट असली की बाष्पीभवन मंदावते. म्हणजे बरणी आणि माठ ही आपल्या घरातली आर्द्रतामापके झाली.

अडचण अशी की ही दोन्ही मापके जमिनीलगतची हवा मोजतात, आणि खालच्या किलोमीटरभर थरात बाष्प असणे ही पावसाची फक्त पहिली अट आहे. ती अट किनाऱ्यावर मेमध्ये जवळजवळ रोजच पुरी होते. वरचा कोरडा थर अजून आहे की विरला, हे मिठाला कसे कळणार? आपल्याला मीठ, माठ आणि घाम ज्याची वार्ता देतात तो थर वेगळा आणि ज्याच्या हाती पाऊस आहे तो थर वेगळा. अंदाज चुकतात ते या दोहोंची गल्लत झाल्यामुळे, मग ते अंदाज सासूबाईंचे असोत वा ॲपचे.

घाटमाथा | 23 मे, रात्री 10.05

मी गगनबावड्याजवळ राहतो. ताईंना रात्री दिसणाऱ्या विजा आमच्याच डोक्यावरच्या आहेत. आमच्याकडे या दिवसांत दुपारी तीनपर्यंत ऊन असते. नंतर दऱ्यांमधून दमट वारा वर चढू लागतो, त्याची आणि पठारावरच्या कोरड्या हवेची माथ्यावर गाठ पडते आणि तासाभरात ढगाचा मनोरा उभा राहतो. आधी धुळीचे लोट, मग टपोरे थेंब, कधी गारा, आणि पाऊण तासात सगळे आटोपते. परवा शिवाराच्या अलीकडच्या बांधावर पाणी वाहत होते आणि पलीकडच्या शेतातली ढेकळे कोरडी होती.

या ढगांचे माथे बहुतेक वेळा पूर्वेकडच्या वरच्या वाऱ्यासोबत तुमच्या बाजूला झुकतात. म्हणून तळकोकणात आणि गोव्यात वळवाचा पाऊस आला तर तो डोंगराकडून, संध्याकाळी आणि गडगडाट करत येतो. मोसमी पाऊस समुद्राकडून येतो, त्याला वेळेचे बंधन नसते आणि तो फारसा गडगडत नाही. आमच्या घरात यावरूनच ठरवतात. पावसाची पहिली सर घराच्या कोणत्या भिंतीवर आपटली ते पाहायचे. पूर्वेची भिंत भिजली तर वळीव, पश्चिमेची भिजत राहिली तर मिरगाचा, म्हणजे मोसमी.

सॅन दिएगोचा मालवणी | 24 मे, सकाळी 6.30

धागा वाचून राहवले नाही. मी मूळचा मालवणचा, पण आता कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला राहतो आणि आमच्या खिडकीतूनही सध्या रोज सकाळी असेच करडे आभाळ दिसते. येथे त्याला महिन्यांप्रमाणे ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ अशी नावेच पडली आहेत. दृश्य तेच असले तरी कारण पुष्कळसे निराळे आहे. येथे उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो आणि समुद्राचे पाणी या दिवसांत 17-18 अंशांच्या आसपास असते. त्यावरची हवा गार आणि ओलसर होते. वर प्रशांत महासागरावरील उच्च दाबामुळे खाली दबणारी हवा उष्ण व कोरडी असते. ही सीमा कित्येकदा 300 ते 600 मीटरवरच असते, म्हणून किनाऱ्यावर गारठा आणि वीस-तीस किलोमीटर आत गेले की कडक ऊन, असा प्रकार होतो. किनाऱ्यापुढे समुद्रात हवेचा एक भोवरा तयार होतो, त्याला कॅटालिना भोवरा म्हणतात. तो आला की हा थर जाड होतो आणि मग दुपारीही ढग फाटत नाहीत.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये, येथेही मोसमी वारे मेक्सिकोकडून बाष्प घेऊन येतात. गंमत अशी की ते आले की किनाऱ्यावरचे सकाळचे ढग पुष्कळदा नाहीसे होतात, हवा आपल्या कोकणासारखी चिकट होते आणि दुपारी पूर्वेच्या डोंगरांवर गडगडाट सुरू होतो. येथील लोक त्या चिकटपणाने हैराण होतात. मला मात्र तेवढे दिवस घरी आल्यासारखे वाटते. किनारी ढग आणि पाऊस यांचे फारसे सख्य नाही हे मला येथे येऊन कळले. ज्या महिन्यांत सकाळी सर्वांत जास्त ढग, ते महिने येथे जवळजवळ कोरडे जातात.

हवेचा दाब | 24 मे, सकाळी 9.05

फारच उपयुक्त तुलना. फरक समुद्राच्या तापमानाचा आहे. मेमध्ये आपल्या किनाऱ्यापुढचा अरबी समुद्र 29-30 अंशांवर असतो. तुमच्याकडे खालचे समुद्राचे पाणी थंड असल्यामुळे वरच्या उष्ण थराचा अटकाव महिनोन् महिने टिकतो. आपल्याकडे खालून सतत ऊब आणि बाष्प मिळत असते, म्हणून वरचा थर एकदा निघाला की मधे अडवायला काहीच उरत नाही. आपला बदल अचानक झाल्यासारखा वाटतो तो यामुळे.

रोहिणी-मृग | 24 मे, दुपारी 4.20

इतके सगळे करण्यापेक्षा पंचांग पाहावे. उद्या-परवा रोहिणी लागेल, 7-8 जूनला मृग. आमच्याकडे रोहिणीत धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, होते आणि पिढ्यान् पिढ्या ती साधली आहे. उपग्रह नव्हते तेव्हाही भात पिकतच होते.

घाटमाथा | 24 मे, संध्याकाळी 6.45

पंचांगाचा आदर राखून सांगतो, 2025 साली नेमकी हीच पेरणी अडचणीत आली. त्या वर्षी 24 मे रोजी केरळात मोसमी पाऊस पोहोचला, त्याच दिवशी अरबी समुद्रातील न्यून दाबाचा पट्टा तीव्र होऊन रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आला आणि 26 मे रोजी मुंबईतही मोसमी पावसाचे आगमन जाहीर झाले. तेथील सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. रोहिणी लागते न लागते तोच शेतात गुडघाभर पाणी. ज्यांची वाफसा (पेरणीजोगी ओल) येण्याची वाट पाहून पेरायची सवय होती ते वाट पाहतच राहिले. आणि एवढे होऊन पुढची चाल मेच्या अखेरीस थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. नक्षत्र सरासरी सांगते. एखाद्या वर्षाची हकिगत त्याला सांगता येत नाही.

हवेचा दाब | 24 मे, रात्री 8.30

उलटे उदाहरण 2023 चे. त्या वर्षी केरळात पाऊस 8 जूनला आला, 11 जूनला रत्नागिरीपर्यंत चढला आणि तेथेच अडकून बसला. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होते, त्याने बाष्प आणि वारे स्वतःभोवती ओढून घेतले. मुंबईकर दोन आठवडे ढगांकडे पाहत राहिले. अखेर 25 जूनला मुंबई आणि दिल्ली येथे एकाच दिवशी आगमन झाले, तसे त्यापूर्वी 21 जून 1961 रोजी घडले होते. त्या दोन आठवड्यांत मळभाची कमतरता नव्हती आणि मिठाच्या बरण्याही पाझरतच होत्या.

पंचांगाविषयी एक विषयांतर करतो. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलत असल्यामुळे, सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाची इंग्रजी तारीख साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. मृगाची आजची तारीख आणि शिवकाळातली तारीख एक नव्हती. ऋतू मात्र नक्षत्रांच्या मागे सरकत नाहीत.

बंदरवाडी | 25 मे, पहाटे 5.50

आमचे घर मासेमारीचे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना बंदी असते, त्यामुळे या आठवड्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, सगळी कामे एकदम अंगावर आली आहेत. होड्या वर ओढून त्यांवर झापे घालायची, जाळी धुऊन माळ्यावर चढवायची, सुकी मासळी डब्यांत भरायची. म्हणून थोडक्यात लिहितो.

ढगाकडे आम्ही शेवटी पाहतो, आधी रात्रीचा वारा पाहतो. एरवी दिवसा खारा वारा येतो आणि उत्तररात्री मतलई सुटते, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. पूर्वी शिडाच्या होड्या तिच्यावरच पहाटे बाहेर पडत. मोसम बदलू लागला की मतलई आधी अशक्त होते आणि मग एका रात्री सुटतच नाही. रात्री दोन वाजताही वारा समुद्राकडूनच लागतो, तोही वायव्येचा न राहता नैर्ऋत्येकडे वळतो. दुसरी खूण पाण्याची. वारा नसतानाही दक्षिणेकडून लांबलचक, सावकाश लाटा येऊ लागतात. त्यांची गाज बारीक लाटांसारखी सळसळत नाही, खोलीतून पेटी ओढल्यासारखी जड येते. या दोन्ही खुणा मिळाल्या की माझे वडील होडी बाहेर काढत नसत, आभाळ स्वच्छ असले तरी.

हवेचा दाब | 25 मे, सकाळी 8.10

बंदरवाडीकरांनी या धाग्यातले सर्वांत मोलाचे लिहिले आहे. रात्रीची मतलई बंद पडणे म्हणजे किनाऱ्यापुरत्या वाऱ्यावर मोठ्या प्रमाणावरील पश्चिमी वाऱ्याने मात केली असे समजावे. हवामान खाते केरळातील आगमन ठरवताना तीन गोष्टी पाहते. ठरावीक 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस किमान 2.5 मिलिमीटर पाऊस हवा, पश्चिमी वारे 600 हेक्टोपास्कल पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाचार किलोमीटर उंचीपर्यंत खोल हवेत, आणि ढगांच्या माथ्यावरून बाहेर पडणारी दीर्घलहरी उष्णता दर चौरस मीटरला 200 वॉटपेक्षा कमी हवी. दुसरी अट म्हणजे वरचा कोरडा थर हटून तेथे दमट वारा आला आहे याची खात्री, आणि तिसरी म्हणजे ढग खरोखर उंच आहेत याची. घावन आणि वडा यांतला भेद उपग्रहावरून मोजण्याची ही रीत आहे.

ताई, आपण इतके करावे. रात्री दोनला एकदा अंगणात येऊन वाऱ्याची दिशा पाहावी. सकाळी खालचे ढग कोणीकडे जातात ते पाहून, त्यांच्या फटीतून मधल्या उंचीवरचे पातळ ढग कोणीकडे जातात तेही पाहावे. दोन्हींच्या दिशा उलट असतील तर वाळवण निर्धास्त चालू ठेवावे. घाटावरून संध्याकाळी वळीव येण्याचा धोका राहतोच, त्यासाठी दुपारी चारनंतर पूर्वेकडे लक्ष ठेवणे पुरेसे आहे.

कातळसडा | 31 मे, दुपारी 1.15

उशिरा लिहीत आहे, कारण मध्ये वीज नव्हती. 26, 27 आणि 28 तारखेला रात्री वारा जमिनीकडूनच होता, अगदी मंद. सकाळचे ढग आग्नेयेला जात होते आणि त्यांच्या फटींतून दिसणारे मधल्या उंचीवरचे पातळ ढग पश्चिमेकडे. आम्ही साले पहाटे आत घेणे बंद केले, नुसते वरून कापड टाकले, आणि चौथे व पाचवे पूट त्या तीन दिवसांत उरकले. 28 ला संध्याकाळी पाचला घाटावरून वळीव आला, पण पूर्वेकडे लक्ष होते म्हणून वीस मिनिटे आधी सगळे पडवीत होते. पूर्वेची भिंत भिजली.

29 च्या रात्री सासूबाईंनीच मला उठवले. वारा समुद्राकडून येत होता आणि चार किलोमीटरवरून गाज ऐकू येत होती, जी आमच्याकडे एरवी ऐकू येत नाही. सकाळी ढग नेहमीसारखेच करडे, किंबहुना आदल्या दिवसांपेक्षा फिकट होते. पण दहा वाजले तरी ते फाटले नाहीत. साडेअकराला पश्चिमेकडून सर आली, गडगडाट न करता, आणि दुपारी चारपर्यंत थांबून थांबून पडत राहिली. आजही तसेच आहे. हा मोसमी पाऊस की त्याच्या आधीचा, ते हवामान खाते ठरवील. आमची पश्चिमेची भिंत खिडकीपर्यंत ओली आहे आणि आमसुले डब्यात आहेत, फक्त शेवटच्या पुटाची दोन सुपे चुलीवरच्या माळ्यावर पसरली आहेत.

बंदरवाडी | 31 मे, संध्याकाळी 7.30

आमच्याकडेही 29 च्या रात्री मतलई सुटली नाही. शेवटची होडी आज दुपारी वर ओढली. चुलीवरच्या सालांना धुराचा वास लागेल, त्यावर जुने धोतर टाका.